विश्लेषण : बढती मिळाली, आता वाचायचे काय? नेतृत्वावरची कोणती पुस्तके खरोखर उपयोगी?

मूल्यमापन आणि बढत्यांचा हंगाम आला की अनेक कार्यालयांत एकच चित्र दिसते. कालपर्यंत शेजारच्या खुर्चीवर बसणारा सहकारी आज ‘टीम लीड’ होतो आणि आठवडाभरात त्याच्या मोबाइलवर ‘प्रत्येक नेत्याने वाचलीच पाहिजेत अशी दहा पुस्तके’ ही यादी येऊन पडते. त्यातील दोन-तीन पुस्तके मागवली जातात आणि एखादे अर्धे वाचून होते. पुस्तकाचे चार-पाचशे रुपये वाया गेले, एवढ्यापुरता हा प्रश्न नाही. नवख्या प्रमुखाच्या चुकांचा भुर्दंड त्याच्या हाताखालची माणसे रोज भरत असतात. त्यामुळे कोणत्या पुस्तकामागे ठोस अनुभव किंवा संशोधन आहे, कोणत्या पुस्तकामागे केवळ यशस्वी कंपन्यांची चमक आहे आणि मराठी वाचकाने सुरुवात कुठून करावी, याचा हा आढावा.

उत्तम कर्मचारी उत्तम प्रमुख होतोच का?

होतोच असे नाही. लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांनी १९६९ मध्ये ‘द पीटर प्रिन्सिपल’ हे पुस्तक लिहिले. त्याचा बाज विनोदी असला तरी त्यातील निरीक्षण गंभीर होते. माणूस आजचे काम चांगले करतो म्हणून त्याला वरचे पद मिळते, तेही जमले की आणखी वरचे. जे काम जमत नाही तिथे तो पोहोचला की बढत्या थांबतात आणि तो तिथेच राहतो. अनेक वर्षे हा सिद्धांत किस्सा म्हणूनच सांगितला जात होता. २०१९ मध्ये अमेरिकेतील तीन अर्थतज्ज्ञांनी १३१ कंपन्यांतील विक्री कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. सर्वाधिक विक्री करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त होती, मात्र तेच प्रमुख झाल्यावर त्यांच्या हाताखालील लोकांची कामगिरी तुलनेने खालावत होती.

याचे कारण सोपे आहे. विक्री करणे आणि विक्री करणाऱ्यांना सांभाळणे ही दोन वेगळी कामे आहेत. उत्तम कोड लिहिणारा अभियंता, उत्तम शिकवणारा शिक्षक किंवा उत्तम परिचारिका यांनाही हेच लागू होते. पद बदलते त्या दिवशी काम बदलते, पण ते नवे काम शिकवण्याची सोय बहुतेक ठिकाणी नसते. पुस्तकांची गरज भासते ती इथे.

पहिल्यांदाच प्रमुख झालेल्याने काय वाचावे?

दोन जुनी पुस्तके आजही उपयोगी आहेत. पहिले ‘हाय आउटपुट मॅनेजमेंट’. ‘इंटेल’चे अँडी ग्रोव्ह यांनी ते १९८३ मध्ये लिहिले. उकडलेले अंडे, टोस्ट आणि कॉफी एकाच वेळी गरम कशी द्यायची, अशा न्याहारीच्या उदाहरणातून ते सुरू होते. अंड्याला सर्वाधिक वेळ लागतो, म्हणून बाकीच्या कामांची आखणी अंड्याभोवती करायची. कोणत्याही कामात ‘अंडे’ कोणते हे ओळखणे ही प्रमुखाची पहिली जबाबदारी. ग्रोव्ह यांचे दुसरे म्हणणे नव्या प्रमुखाला अधिक बोचणारे आहे. प्रमुख स्वतः किती राबला याला फारसे महत्त्व नाही, त्याच्या टीमचे आणि त्याचा प्रभाव पडतो त्या शेजारच्या विभागांचे काम किती झाले, हेच त्याचे मोजमाप. रात्री अकरापर्यंत बसून सहकाऱ्याचे काम स्वतः दुरुस्त करणारा प्रमुख या मापाने नापास ठरतो.

सहकाऱ्याशी नियमित एकट्याने बोलण्याचा आग्रहही याच पुस्तकाने रुजवला. अशी बैठक किमान तासभराची असावी आणि विषय सहकाऱ्याने ठरवावेत, असे ग्रोव्ह सांगतात. एखाद्याचे काम होत नसेल तर त्याला ते येत नाही की करायचे नाही, हे आधी तपासावे, असाही त्यांचा सल्ला आहे. पहिल्यावर उपाय प्रशिक्षणाचा आणि दुसऱ्यावर प्रेरणेचा. दोन्हींची गल्लत झाली की न येणाऱ्याला ओरडा बसतो आणि कंटाळलेल्याला पुन्हा प्रशिक्षणाला पाठवले जाते.

दुसरे पुस्तक म्हणजे पीटर ड्रकर यांचे १९६७ मधील ‘द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’. परिणामकारकता हा जन्मजात गुण नसून सवयीने येते, हा त्याचा गाभा. ड्रकर सुरुवात नियोजनापासून करत नाहीत. आधी वेळ कुठे जातो याची नोंद करा, मग निरुपयोगी कामे काढून टाका आणि उरलेला वेळ सलग तुकड्यांत बांधा, असा त्यांचा क्रम आहे. दोन आठवडे अशी नोंद ठेवून पाहणाऱ्याला आपल्या समजुतीत आणि वास्तवात किती अंतर आहे ते कळते.

टीम चांगली चालते ती कशामुळे?

या प्रश्नावर सर्वाधिक दखल घेतले गेलेले काम हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांचे आहे. १९९० च्या दशकात त्या रुग्णालयांतील औषधे देण्याच्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे मात्र उलटे आले. ज्या विभागांत नेतृत्व आणि संबंध चांगले, तिथेच चुकांच्या नोंदी जास्त होत्या. तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या मोकळेपणाने सांगितल्या जात होत्या, हे नंतर त्यांच्या लक्षात आले. इतर विभागांत त्या लपवल्या जात होत्या.

त्यातून ‘सायकॉलॉजिकल सेफ्टी’ ही कल्पना पुढे आली. चूक कबूल केली, शंका विचारली किंवा वरिष्ठाला विरोध केला तर आपली अप्रतिष्ठा होणार नाही, हा टीममधील सामायिक विश्वास म्हणजे मानसिक सुरक्षितता. एडमंडसन यांचा याविषयीचा गाजलेला शोधनिबंध १९९९ चा आणि सर्वसामान्य वाचकांसाठीचे ‘द फिअरलेस ऑर्गनायझेशन’ हे पुस्तक २०१८ चे. गुगलने २०१२ पासून आपल्या १८० हून अधिक टीमचा अभ्यास केला. टीममध्ये कोण आहे यापेक्षा टीम एकत्र कशी काम करते हे महत्त्वाचे आणि त्यात मानसिक सुरक्षितता सर्वांत वरची, असा त्याचा निष्कर्ष होता.

या कल्पनेचा चुकीचा अर्थही तितकाच पसरला आहे. मानसिक सुरक्षितता म्हणजे सगळ्यांनी गोड बोलणे किंवा कामाचा दर्जा सैल करणे नव्हे. उलट दर्जाचा आग्रह आणि बोलण्याची मोकळीक एकत्र असतील तरच टीम शिकते, असे एडमंडसन सांगतात.

याच विषयावरचे पॅट्रिक लेंचिओनी यांचे ‘द फाइव्ह डिसफंक्शन्स ऑफ अ टीम’ (२००२) हे गोष्टीच्या रूपात आहे आणि दोन बैठकांत वाचून होते. विश्वासाचा अभाव, वादाची भीती, बांधिलकीचा अभाव, जाब विचारण्याची टाळाटाळ आणि निकालाकडे दुर्लक्ष अशी पाच दुखणी ते मांडते. ते लेखकाच्या सल्लागारीच्या अनुभवावर उभे आहे, संशोधनावर नाही, हे लक्षात ठेवून वाचल्यास ते टीमसोबत चर्चेला उत्तम आहे.

साध्या यादीने खरेच फरक पडतो?

शल्यविशारद अतुल गावंडे यांचे ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ (२००९) हे व्यवस्थापनाचे पुस्तक म्हणून लिहिलेले नाही, तरी टीमवर्कवरच्या उत्तम पुस्तकांत त्याची गणना करावी लागते. अमेरिकेत वाढलेल्या गावंडे यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या गटाने शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर तपासायची १९ मुद्द्यांची यादी तयार केली. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरली गेली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गंभीर गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्या.

या यादीतील एक मुद्दा औषधांचा किंवा उपकरणांचा नाही. शस्त्रक्रिया सुरू करण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे, असा तो आहे. ज्याने एकदा तोंड उघडले आहे तो पुढे धोका दिसला तर बोलण्याची शक्यता वाढते, हा त्यामागचा विचार. एडमंडसन जे संशोधनातून सांगतात, तेच इथे एका ओळीच्या नियमात आले आहे.

मात्र कथेचा उत्तरार्धही वाचायला हवा. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात ही यादी सक्तीची झाल्यावर १०१ रुग्णालयांची आकडेवारी तपासली गेली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यू किंवा गुंतागुंतीत लक्षणीय घट आढळली नाही. यादी तीच, तरी परिणाम वेगळा. माणसे थांबून एकमेकांशी बोलली तर यादीचा उपयोग होतो. वरून आदेश आला म्हणून खुणा करत गेले, तर तो आणखी एक फॉर्म ठरतो. पुस्तकातील कोणतीही युक्ती कार्यालयात आणताना हा धडा आठवावा.

मग गाजलेल्या ‘बेस्टसेलर’वर विश्वास ठेवायचा का?

वाचावीत, पण सावधपणे. टॉम पीटर्स आणि रॉबर्ट वॉटरमन यांच्या ‘इन सर्च ऑफ एक्सलन्स’ने १९८२ मध्ये उत्कृष्ट अमेरिकी कंपन्यांची गुणसूत्रे शोधल्याचा दावा केला. दोनच वर्षांत ‘बिझनेस वीक’ने त्यातील अनेक कंपन्या अडचणीत आल्याची मुखपृष्ठकथा केली. जिम कॉलिन्स यांच्या ‘गुड टू ग्रेट’ने (२००१) १,४३५ कंपन्यांतून ११ ‘महान’ कंपन्या निवडल्या. त्यातील सर्किट सिटी ही विद्युत उपकरणे विकणारी कंपनी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली. फॅनी मे या गृहकर्ज क्षेत्रातील कंपनीचा ताबा त्याच वर्षी अमेरिकी सरकारला घ्यावा लागला.

चूक नेमकी कुठे होते, हे फिल रोझेन्झ्वाइग यांनी ‘द हेलो इफेक्ट’ (२००७) या पुस्तकात दाखवले आहे. कंपनी नफ्यात असली की तिचा प्रमुख दूरदृष्टीचा, संस्कृती मोकळी आणि धोरण धाडसी वाटते. तीच कंपनी तोट्यात गेली की तोच प्रमुख हेकेखोर आणि तेच धोरण बेफिकीर ठरते. म्हणजे आपण निकाल पाहून कारणे रचतो. शिवाय त्याच मार्गाने जाऊन बुडालेल्या कंपन्यांवर कोणी पुस्तक लिहीत नाही, त्यामुळे यशाची ‘सूत्रे’ तपासायला समोरची बाजूच नसते. यशकथा वाचताना ‘हेच करून कोण अपयशी ठरले?’ हा एक प्रश्न विचारला, तरी बरीच पुस्तके पातळ होतात.

व्यक्तिगत वाढीच्या पुस्तकांचे काय?

डेल कार्नेगी यांचे लोकांशी वागण्याविषयीचे १९३६ मधील पुस्तक आणि स्टीफन कोव्ही यांचे सात सवयींचे १९८९ मधील पुस्तक मराठी अनुवादातही मिळतात. दोन्हींतील सल्ला बहुतांशी शहाणपणाचा आहे. समोरच्याचे आधी नीट ऐकावे, आपल्या हातात असलेल्या गोष्टींवर जोर द्यावा, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

वैज्ञानिक आधार सांगणाऱ्या पुस्तकांना मात्र वेगळा निकष लावावा लागतो. कॅरल ड्वेक यांच्या ‘माइंडसेट’ने (२००६) क्षमता प्रयत्नाने वाढू शकते, हा विचार जगभर नेला. पुढील संशोधनाने त्याची व्याप्ती मर्यादित केली. अमेरिकेतील सुमारे १२ हजार विद्यार्थ्यांवरील २०१९ च्या अभ्यासात तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन धड्याने कमी गुणांच्या विद्यार्थ्यांची कामगिरी थोडीशी सुधारली. परिणाम खरा आहे, पण छोटा, आणि तो शाळेतील आहे. डॅनियल काहनेमन यांच्या ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’मधील (२०११) एका प्रकरणात आधार घेतलेले काही प्रयोग पुढे पुन्हा करून पाहताना टिकले नाहीत. अशा छोट्या अभ्यासांवर आपण गरजेपेक्षा अधिक विश्वास ठेवला, हे खुद्द काहनेमन यांनी २०१७ मध्ये मान्य केले. पुस्तकाचा उरलेला भाग त्यामुळे निकामी होत नाही. नोबेलविजेता आपली चूक चारचौघांत मान्य करतो, हाही नेतृत्वाचाच धडा आहे.

मराठीत काय वाचावे?

नेतृत्वावरचे वाचन ‘मॅनेजमेंट’च्या कपाटातच शोधावे असे नाही. माधुरी शानभाग यांनी अनुवादित केलेले ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे ‘अग्निपंख’ घराघरात आहे. त्यातील ‘एसएलव्ही-३’चा भाग टीमवर्क म्हणून पुन्हा वाचण्यासारखा आहे. १० ऑगस्ट १९७९ चे पहिले उड्डाण फसले, तेव्हा प्रकल्प संचालक कलाम होते. पत्रकारांसमोर मात्र ‘इस्रो’चे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी घेतली. १८ जुलै १९८० रोजी उड्डाण यशस्वी झाले, तेव्हा त्यांनी कलाम यांना पुढे केले. हा प्रसंग कलाम यांनी भाषणांतून अनेकदा सांगितला.

वर्गीस कुरियन यांचे आत्मकथन ‘माझंही एक स्वप्न होतं’ हे दुसरे. आणंदमध्ये शेतकऱ्यांना एकत्र ठेवणारे त्रिभुवनदास पटेल, कारभार पाहणारे कुरियन आणि म्हशीच्या दुधाची भुकटी करण्याचे तंत्र जमवणारे एच. एम. दलाया अशी तीन वेगळ्या गुणांची माणसे एकत्र आली, म्हणून ‘अमूल’ उभे राहिले. एकट्या नायकाच्या कथांवर हा चांगला उतारा आहे. विठ्ठल कामत यांचे ‘इडली, ऑर्किड आणि मी’ हे मराठी उद्योजकाचे वाचनीय आत्मकथन आहे. तीही यशकथाच, त्यामुळे वर सांगितलेली सावधगिरी तिथेही हवी.

शिवाजी महाराजांचे चिपळूणजवळच्या लष्करी तळावरील अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्रही आवर्जून वाचावे. साठवलेला दाणागोटा आताच उधळला तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग शिपाई रयतेला लुबाडतील आणि रयतेला हे मोगलांपेक्षा वाईट वाटतील, असे त्यात समजावले आहे. रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर वात नेईल आणि गवताला आग लागेल, इतका तपशील त्यात येतो. हुकूम देतानाही त्यामागचे कारण शेवटच्या शिपायापर्यंत पोहोचावे, ही काळजी साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या या पत्रात दिसते.

पुस्तकांनी काय सुटत नाही?

कमी पगार, अपुरी माणसे आणि बारा तासांची पाळी यांवर कोणत्याही सवयीचा उतारा चालत नाही. ‘दृष्टिकोन बदला’ हा सल्ला अनेकदा व्यवस्थेची जबाबदारी कर्मचाऱ्याच्या माथी मारण्यासाठी वापरला जातो. छळाच्या तक्रारीला ‘मोकळा संवाद’ हे उत्तर नाही. महिलांच्या लैंगिक छळाविरोधातील २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे आणि तक्रार तिथेच जायला हवी. प्रश्न माणसाचा की व्यवस्थेचा, हे ओळखणे ही प्रमुखाची कसोटी. व्यवस्थेचा असेल तर टीमला पुस्तक वाटण्यापेक्षा वरिष्ठांकडे जाऊन माणसे, वेळ किंवा पैसे मागणे हे त्याचे काम आहे.

मग वाचायचे कसे?

यादीऐवजी अडचणीपासून सुरुवात करावी. स्वतःचा दिवस हाताबाहेर जात असेल तर ड्रकर. काम वाटून देणे जमत नसेल तर ग्रोव्ह. बैठकीत सगळे गप्प बसत असतील तर एडमंडसन. त्याच त्या चुका पुन्हा होत असतील तर गावंडे. एका वेळी एकच पुस्तक आणि त्यातील एकच गोष्ट महिनाभर करून पाहावी. उदाहरणार्थ, प्रत्येक सहकाऱ्याशी नियमित स्वतंत्र बोलणे किंवा बैठकीत आपले मत सर्वांत शेवटी मांडणे.

महिन्याने उपयोग झाला का, हे स्वतःला विचारण्यापेक्षा सहकाऱ्यांना विचारावे. पूर्वी दडवली जाणारी वाईट बातमी आता लवकर कानावर येऊ लागली असेल, तर पुस्तक लागू पडले असे समजावे. सगळे आलबेल असल्याचेच अजूनही ऐकू येत असेल, तर दुसरे पुस्तक मागवण्यापूर्वी पहिलेच पुन्हा उघडलेले बरे.